पीप साइटची जुळवणी कशी करावी

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील नवख्या नेमबाजाने १० मीटर एअर रायफलवरच पीप साइट, म्हणजे डोळ्याजवळचे बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाची कडी यांतून नेम धरण्याची साइट, शिकावी.

गाल दस्त्यावर दर वेळी एकाच जागी टेकवावा. मागच्या छिद्राकडे मुद्दाम पाहू नये. पुढची कडी त्याच्या मध्यभागी दिसावी आणि नजर त्या कडीवरच स्थिर असावी. लक्ष्याचा ३०.५ मिलिमीटरचा काळा गोल किंचित धूसर दिसला तरी चालतो, मात्र कडीच्या आत त्याच्याभोवतीची पांढरी किनार सर्व बाजूंनी सारखी हवी. काळ्या गोलाला फार घट्ट बसणारी लहान कडी निवडण्याचा मोह नवशिक्यांना होतो. माझ्या मते तो टाळावा, कारण अरुंद किनारीत हात अधिकच डळमळल्यासारखा वाटतो.

एका छऱ्यावरून साइट कधीही फिरवू नये. पाच छरे झाडून त्यांचा पुंजका पाहावा आणि तो डावीकडे पडला असेल, तर मागची साइट उजवीकडे, खाली पडला असेल, तर वर सरकवावी. साइट सरकवण्याच्या चकतीवरील बाणांचा अर्थ प्रत्येक बनावटीत सारखा नसतो. तो आधी चकती दोन-चार क्लिक (टप्पे) फिरवून, पुन्हा छरे झाडून पडताळावा. खानापूरच्या पावसाळी अंधुक उजेडात छिद्र थोडे मोठे करावे, लख्ख उन्हात लहान.