मधुमेहात न दुखता येणारा हार्ट अटॅक कसा ओळखावा

हार्ट अटॅक म्हटलं की छातीवर हात दाबून कोसळणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मधुमेह नसलेल्यांत बहुधा छाती आवळल्यासारखी होते, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते. मधुमेह्यांतही असं होतंच. पण बरीच वर्षं वाढलेली साखर हृदयाच्या वेदना पोहोचवणाऱ्या नसा बोथट करते, आणि मग काहींना झटका येतो तरी छाती दुखत नाही.

धोकाही जास्त असतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या अभ्यासात आधी झटका न आलेल्या मधुमेह्यांपैकी सुमारे २० टक्क्यांना ७ वर्षांत झटका आला. मधुमेह नसलेल्यांत हेच प्रमाण ३.५ टक्के होतं.

१. दुखण्याची वाट पाहू नका. अचानक लागलेली धाप, कपडे भिजवणारा थंड घाम, मळमळ, पोटात वरच्या बाजूला जळजळ, एरवी नसणारा थकवा, हे पाहा. काल सहज चढलेल्या जिन्यावर आज अर्ध्यातच थांबावं लागलं, तर ते वयावर ढकलू नका. ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणण्यात फार मोलाचा वेळ जातो.

२. लगेच रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाला चालवू नका, बसवून ठेवा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल आणि रुग्णवाहिका बोलावताना फोनवरच्या माणसाने तसं सांगितलं, तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या.

३. रुग्णवाहिका येईपर्यंत साखर तपासा, कारण साखर उतरली तरी असाच घाम फुटतो. ७० mg/dL च्या खाली असेल आणि माणूस नीट शुद्धीवर असेल, तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा ठीक असेल तर हृदयाचा संशय आणखी वाढतो. ग्लुकोमीटर सापडत नसेल तर शोधत बसू नका.

४. रुग्णालयात पहिलं वाक्य ‘यांना मधुमेह आहे’ हेच असू द्या, औषधांची यादी दाखवा. ईसीजी १० मिनिटांत व्हायला हवा. तो नॉर्मल आला म्हणून घरी निघू नका. पहिल्या ईसीजीत झटका दिसेलच असं नाही; ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणीही लागते, आणि ती काही तासांनी पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.