'बोदा' म्हणजे नुसतं 'बघणं' नव्हे: या चुका टाळा

कोरियन शिकायला लागलं की पहिल्याच आठवड्यात वहीत एक ओळ येते: बोदा = बघणे. ही ओळ अर्धवट आहे, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक परीक्षेची. मराठीत आपण परीक्षा 'देतो', म्हणून 'देणे' म्हणजे 'चुदा' घेऊन वाक्य जुळवलं जातं: 'शिहॉमुल च्वॉस्सॉयो'. समोरचा कोरियन माणूस विचारतो, 'नुगुहान्तेयो?', म्हणजे 'कुणाला?' त्याला वाटतं, तुम्ही शिक्षक आहात आणि कुणाला तरी पेपर दिलात. मग शिकणारा तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणतो. कोरियनमध्ये परीक्षा 'बघतात': शिहॉमुल ब्वास्सॉयो. नोकरीची मुलाखतही 'बघतात': म्यॉन्जॉबुल बोदा. आणि 'चांगुल बोदा' म्हणजे बाजारहाट करणे, बाजार न्याहाळणे नव्हे.

दुसरी चूक बघून तर वाईटच वाटतं, कारण मराठी माणसाने ती करायलाच नको. फळ्यावरचं दिसत नसेल तर लोक 'मोत प्वायो', म्हणजे 'बघू शकत नाही', म्हणतात. डोक्यात आधी 'आय कान्ट सी' हे इंग्रजी वाक्य येतं, त्याचं हे कोरियन. आपल्याकडे 'बघणे' आणि 'दिसणे' वेगळे आहेत ना? तसेच तिथे 'बोदा' आणि 'बोइदा'. मला दिसत नाही: आन बोयॉयो. मी बघत नाही: आन ब्वायो. इंग्रजीचा वळसा घेऊ नका, सरळ मराठीतून जा.

'खाऊन बघ' हेही जसंच्या तसं चालतं: मॉगॉ ब्वायो. 'मॉगॉ ब्वास्सॉयो' म्हणजे खाऊन बघितलंय, चव माहीत आहे. पण रोजच्या जेवणाला हे लावू नका; सकाळी भात खाल्ला तर नुसतं 'मॉगॉस्सॉयो'. आणि 'बोदा'लाच पुन्हा 'बोदा' जोडून 'ब्वा ब्वास्सॉयो' करू नका. सिनेमा पूर्वी पाहिलाय हे सांगायला 'बोन जॉगी इस्सॉयो'.

'नाबोदा' मधला बोदा क्रियापद नाही, तो 'पेक्षा' आहे: माझ्यापेक्षा. नामाला चिकटूनच लिहायचा.

'बीगा ओना ब्वायो' म्हणजे पाऊस येतोय वाटतं. हा अंदाज आहे, म्हणून स्वतः घास खाऊन 'माशिन्ना ब्वायो', म्हणजे 'चविष्ट असावं वाटतं', म्हणू नका. हॉटेलबाहेर रांग दिसली तर म्हणा.

तीस दिवसांत कोरियन शिकवणाऱ्या शब्दयाद्यांत यातलं काही नसतं. क्रियापद एकटं लिहायचंच नाही, कर्मासकट लिहायचं. 'बोदा'साठी वहीचं एक अख्खं पान ठेवा: शिहॉमुल, म्यॉन्जॉबुल, चांगुल, आणि 'चिबुल बोदा' म्हणजे घर राखणे.