पलटी नांगर नीट लागत नाही? जोडणीतल्या या चुका टाळा

उन्हाळी नांगरट सुरू झाली की तक्रारी ठरलेल्या. नांगर घुसतच नाही, नाहीतर एक तास (नांगराने पडलेली चरी) खोल आणि शेजारचं उथळ. बोल लागतो ट्रॅक्टरला, नाहीतर जमिनीला. दोष मात्र बहुतेक वेळा जोडणीत असतो.

सगळ्यात जास्त घोळ टॉप लिंकचा, म्हणजे नांगर वरून ट्रॅक्टरला जोडणाऱ्या, लांबी कमीजास्त होणाऱ्या दांड्याचा. नांगर घुसेना की जो तो टॉप लिंक आखडत सुटतो. थोडी आखडली की फाळाचं टोक खाली वळतं आणि नांगर जमीन धरतो, हे खरं. पण जास्त आखडली की पुढचा फाळ खोल रुततो, मागचा उचलला जातो आणि इंजिन दबतं. फार लांब ठेवली तर याच्या उलट. खोली ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लिव्हरने ठरवायची. टॉप लिंक फक्त नांगर पुढून-मागून सारखा बसवण्यासाठी. दोन फेरे मारा, खाली उतरा, दोन्ही फाळांच्या तासात पट्टी उभी करून मोजा.

गेल्या उन्हाळ्यात गव्हाच्या रानात मी स्वतः अर्धा दिवस असाच घालवला. टॉप लिंक आटे संपेपर्यंत आखडली, तरी नांगर चार इंचांवरून खरडत चाललेला. शेवटी फाळावरची माती खरवडली तर टोक झिजून अंगठ्यासारखं गोल झालेलं! नवे फाळ घातले, टॉप लिंक होती तिथे आणली आणि नांगर आठ इंच बसला. म्हणून पाना हातात घेण्याआधी फाळ बघा.

दुसरी चूक म्हणजे नांगराचा कल अंगणात बघणं. काम करताना एका बाजूची चाकं तासात असतात, म्हणून अंगणात सरळ दिसणारा नांगर रानात तिरका चालतो. घरीच बघायचं असेल तर जेवढी खोली हवी तेवढ्या जाडीची लाकडं एका बाजूच्या पुढच्या-मागच्या चाकांखाली घाला. पलटी नांगर दर फेऱ्याला उलटतो, म्हणून त्याला दोन्ही लिफ्ट रॉड (खालचे हात उचलणारे दांडे) सारख्याच लांबीचे हवेत. कल नांगरावरच्या बोल्टने, दोन्ही बाजूंचा वेगवेगळा बसवायचा.

नांगराला डावी-उजवीकडे झुलू न देणाऱ्या साइडच्या चेन करकचून आवळू नका, काम करताना थोडा खेळ लागतो. फक्त उचललेला नांगर टायरला घासता कामा नये. नांगरटीला ड्राफ्ट कंट्रोल लावा, म्हणजे ओढ वाढली की नांगर आपोआप थोडा उचलला जातो. पोझिशनवर, म्हणजे नांगर एकाच उंचीवर धरून, ठेवलं तर टणक पट्टा आला की चाकं जागीच फिरतात.

काळ्या रानात वाफसा (मशागतीला बेताची ओल) नसताना घाई नको. ओल जास्त असेल तर पंख्याला (माती उलटवणाऱ्या वाकड्या पात्याला) माती चिकटते आणि चाकाखालची जमीन दबते. दरवर्षी एकाच खोलीवर नांगरलं तरी खाली कडक थर धरतो, तेव्हा खोली अधूनमधून बदला.

वळताना नांगर पूर्ण उचला, मगच स्टेअरिंग फिरवा. उचललेल्या नांगराखाली हात घालून कुणीही, अगदी मिनिटभरासाठीसुद्धा, बोल्ट आवळू नये. नांगर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. आणि नवे फाळ घातले असतील तर पहिला एकर झाल्यावर त्यांचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.