जुनी स्पोर्टी हॅचबॅक घेतली, आता दुरुस्ती कुठून सुरू करावी?

लहान, हलकी आणि तडफदार इंजिनाची गाडी जुनी झाली तरी चालवायला मजा येते. पण अशा गाड्या आधीच्या मालकांनी बहुधा दामटलेल्या असतात. म्हणून हातात गाडी आली की एक्झॉस्ट आणि चकचकीत चाकं बघत बसू नका. आधी ती भरवशाची करा.

१. व्यवहाराआधी इंजिन थंड असताना गाडी पाहा. सुरू करताना निळा धूर येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील झिजलेत; वेग घेतानाही येत राहिला तर पिस्टन रिंग किंवा टर्बो तपासा. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) चढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. दाराखालचा पत्रा आणि जॅक लावायच्या जागा गंजासाठी बोटांनी दाबून बघा. ताज्या रंगावर विसंबू नका.

२. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा रबरी पट्टा, हे सगळ्यात पहिलं काम. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावंच लागतं. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते. कमी धावलेल्या गाडीचं रबरही म्हातारं होतं. दोन्ही आकडे मॅन्युअलमध्ये मिळतील. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. बेल्टसोबत त्याला ताण देणारा टेन्शनर आणि वाट देणारी आयडलर पुलीही बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही आत्ताच नवा टाका, कारण उघडण्याची मजुरी तीच असते. इंजिनात बेल्टऐवजी चेन असेल तर थंड इंजिन सुरू करताना खडखड होते का ते ऐका.

३. मग ब्रेक आणि टायर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि उतारावर सतत ब्रेक मारले की पेडल मऊ पडतं. दर २ वर्षांनी ते बदलावं. टायरच्या बाजूवर छापलेल्या DOT कोडचे शेवटचे चार अंक वाचा, ते टायर कधी बनला ते सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी कडक झालेलं रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडतं.

४. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग आणि कूलंट एकदम बदलून तारीख लिहून ठेवा. गिअरबॉक्सचं ऑइल हमखास विसरलं जातं.

५. शेवटी सस्पेन्शन. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक स्टँड लावाच. शॉक अॅब्सॉर्बर जोडीनेच बदला. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुशला कायमचा पीळ बसतो आणि तो लवकर फाटतो. हे सगळं झाल्यावरच व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर त्याचे पैसे दोनदा मोजावे लागतील.