४ जीबी रॅमच्या संगणकावर लिनक्सची आभासी मेमरी आणि पेजिंगच्या मर्यादा ठरवताना

एप्रिल-मे महिन्यांत देवगड किंवा रत्नागिरीकडच्या एखाद्या आंबा उत्पादक संस्थेच्या कार्यालयात एकाच संगणकावर काय काय चालू असते, हे पाहिले म्हणजे आभासी मेमरीचा, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर डिस्कचाही आधार घेऊन प्रोग्रामना जागा देण्याचा, विषय पुस्तकी राहत नाही. मारियाडीबीच्या डेटाबेसमध्ये पेट्यांची बिले होत असतात, वाशी बाजारातून आलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या लिब्रेऑफिसच्या तक्त्यात चढवल्या जात असतात, आणि ब्राउझरमध्ये बँक, वाहतूकदार, व्हॉट्सॲप असे बरेच काही उघडे असते. संगणक मात्र ४ जीबी रॅमचा आणि फिरत्या हार्डडिस्कचा. रॅम वाढवणे शक्य असेल तर आधी तेच करावे, कारण कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, कोणताही बदल तिची भरपाई करू शकत नाही. मेमरी अपुरी पडल्यावर कोणी थांबायचे आणि कोणाला बंद करायचे, एवढेच कर्नलच्या हातात असते. म्हणून आकड्यांना हात लावण्यापूर्वी आपला प्राधान्यक्रम ठरवावा. या लेखात तो असा धरला आहे: डेटाबेस काहीही झाले तरी टिकला पाहिजे, ब्राउझर प्रसंगी बंद पडला तरी चालेल.

सेटिंगांची नावे पुढे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावीत, आणि येथे जिथे अंडरस्कोर किंवा टिंब दिसेल तिथे ते तसेच द्यावे. बहुतेक कामांना रूटचे अधिकार लागतात.

सुरुवात मोजमापाने करावी. 'फ्री' ही कमांड 'एच' पर्यायासह चालवली की 'फ्री' नावाच्या स्तंभातला आकडा पाहून पुष्कळांची धांदल उडते. पण लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी (वाचलेल्या फाइलींच्या तात्पुरत्या प्रतींसाठी) वापरतेच, त्यामुळे पाहायचा तो 'अव्हेलेबल' स्तंभ. त्यानंतर कामाची गर्दी असताना 'व्हीएमस्टॅट ५' चालू ठेवावे. दर पाच सेकंदांनी एक ओळ येते. पहिली ओळ संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी असल्याने ती सोडून द्यावी. 'एसओ' म्हणजे रॅममधून स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, जाणारी पेजेस (मेमरीचे छोटे ठरावीक तुकडे) आणि 'एसआय' म्हणजे स्वॅपमधून परत येणारी. केवळ 'एसओ' थोडा वेळ वाढला तर काळजीचे कारण नाही, कारण कर्नल तेव्हा निजलेली पेजेस बाजूला ठेवत असते. दोन्ही स्तंभ मिनिटभर सतत मोठे राहिले, त्यांच्याबरोबर 'डब्ल्यूए' हा प्रतीक्षेचा स्तंभ चढला आणि माउसचा बाण पडद्यावर अडखळू लागला, तर ते थ्रॅशिंग समजावे. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली मांडलेले त्याचे कारण आजही तेच आहे: चालू प्रक्रियांना एका वेळी खरोखर लागणाऱ्या पेजांची बेरीज रॅमपेक्षा मोठी झाली की यंत्राचा वेळ कामाऐवजी ने-आण करण्यात जातो. कर्नल ४.२० किंवा त्यापुढचे असेल आणि वितरणाने ती सोय चालू ठेवली असेल, तर /प्रॉक/प्रेशर/मेमरी ही फाइलही वाचावी. तिच्यातील, मेमरीसाठी सगळ्या प्रक्रिया एकदम खोळंबल्याचा वेळ दाखवणाऱ्या 'फुल' ओळीचा आकडा शून्याच्या आसपास असणे हे निरोगी यंत्राचे लक्षण आहे.

आता स्वॅपची जागा. ४ जीबी रॅमसाठी २ जीबीची स्वॅप फाइल सहसा पुरते. हायबरनेशन (रॅममधले सारे डिस्कवर ठेवून संगणक बंद करणे) हवे असेल तर ती रॅमएवढी तरी ठेवावी. डीडी कमांडने /डेव्ह/झिरोमधून १ एमबीचे २०४८ ठोकळे लिहून फाइल तयार करावी, चमॉडने तिची परवानगी ६०० करावी, मग 'एमकेस्वॅप' आणि 'स्वॅपऑन' चालवावे. परवानगीची पायरी गाळू नये, कारण त्या फाइलीत कोणाच्याही प्रक्रियेची मेमरी, म्हणजे पासवर्डसुद्धा, जाऊन बसू शकतात. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना स्वॅप आपोआप लागावी यासाठी /ईटीसी/एफएसटॅबमध्ये तिची एक ओळ घालावी. फाइलसिस्टम बीटीआरएफएस असेल तर कॉपी-ऑन-राइट (बदल मूळ जागी न लिहिता नव्या जागी लिहिणे) बंद केल्याशिवाय अशी फाइल चालत नाही. ईएक्सटी४ वर हा प्रश्न येत नाही.

फिरत्या हार्डडिस्कवरचे स्वॅप फार संथ असते, म्हणून तिच्या पुढे दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) पेजांचा एक थर ठेवणे फायद्याचे ठरते. त्यासाठी झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेली स्वॅप) आणि झेडस्वॅप (डिस्कवरील स्वॅपपुढचा दाबलेल्या पेजांचा साठा) असे दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही एकदम चालू करू नयेत. डिस्कवर स्वॅप ठेवायचीच असेल तर मी झेडस्वॅप निवडतो. झेडरॅम भरली की जुनी, निरुपयोगी पेजेस रॅममध्ये अडून राहतात आणि नव्याने लागणारी पेजेस डिस्कवर जातात. झेडस्वॅप मात्र जुनी पेजेस स्वतःच डिस्कवर ढकलते. बूट लोडरमधील कर्नलच्या ओळीत 'झेडस्वॅप.एनेबल्ड=१' लिहिले की ती सुरू होते, आणि ती रॅमच्या जास्तीत जास्त २० टक्के जागा घेते. डिस्कवर स्वॅप अजिबात नको असेल तर झेडरॅम उत्तम. तेव्हा व्हीएम.पेज-क्लस्टर ० करावे, कारण मूळच्या ३ या किमतीने एका वेळी आठ पेजेस वाचली जातात आणि तो खटाटोप फिरत्या डिस्कसाठी आहे.

व्हीएम.स्वॅपिनेस या सेटिंगबद्दल जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कशाबद्दल नसतील. मूळ किंमत ६० असते. तिचा अर्थ रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू होते असा नाही. प्रक्रियांची स्वतःची पेजेस बाहेर काढावीत की फाइलींच्या कॅशमधली टाकून द्यावीत, यांतील कल ती सांगते. १०० म्हणजे दोन्हींची किंमत सारखी, कर्नल ५.८ पासून ती २०० पर्यंत नेता येते, जे झेडरॅमसारख्या वेगवान स्वॅपसाठी आहे. जुन्या संगणकावर ती १ करून टाका असा सल्ला सर्रास मिळतो, तो मला पटत नाही. चालू प्रोग्रामचा कोडही फाइलींच्याच कॅशमध्ये असतो. स्वॅपिनेस फार खाली आणली की कर्नल तोच कोड टाकून देते आणि लगेच डिस्कवरून पुन्हा वाचते. तेव्हा 'एसआय' शून्य दिसतो, 'बीआय' (डिस्कवरून होणारे वाचन) मात्र चढतो आणि संगणक तितकाच रखडतो. साध्या हार्डडिस्कवरील स्वॅपसाठी ३० च्या आसपास ठेवावे, झेडस्वॅप असेल तर ६० ला हातही लावू नये.

व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी या सेटिंगने कर्नल किती मेमरीचे वचन देते ते ठरते. झाडाला मोहोर आला की हाती फळ नसतानाच पेट्यांची मागणी नोंदवून घेणाऱ्या बागायतदारासारखे कर्नलचे वागणे असते: प्रक्रिया मागतात तेवढे सगळे वापरत नाहीत, या अनुभवावर ती रॅमपेक्षा अधिक मेमरी देऊ करते. ० या मूळ किमतीत उघडउघड अशक्य मागणी नाकारली जाते, १ मध्ये काहीच नाकारले जात नाही, आणि २ मध्ये वचनांची बेरीज एका मर्यादेबाहेर जाऊ दिली जात नाही. ही मर्यादा म्हणजे स्वॅप अधिक रॅमचा व्हीएम.ओव्हरकमिट_रेशो इतका टक्का. तो मुळात ५० असतो, म्हणजे ४ जीबी रॅम आणि २ जीबी स्वॅप असताना मर्यादा सुमारे ४ जीबी होते. /प्रॉक/मेमइन्फोमध्ये 'कमिटलिमिट' आणि 'कमिटेड_एएस' या दोन ओळींत हे ताडून पाहता येते. फक्त डेटाबेस चालवणाऱ्या सर्व्हरसाठी पोस्टग्रेएसक्यूएलचे मार्गदर्शन २ ची शिफारस करते. ब्राउझर चालणाऱ्या कार्यालयीन संगणकावर मात्र २ दिल्यास रॅम मोकळी असतानाही प्रोग्राम मेमरी मिळाली नाही म्हणून बंद पडतात. तिथे ० च योग्य.

कोकणात आणखी एका मर्यादेकडे लक्ष द्यावे लागते. जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात तारांवर फांदी पडून वीज जाते, आणि यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर संगणक तत्क्षणी बंद होतो. तेव्हा रॅममध्ये बदललेली पण डिस्कवर न लिहिलेली पेजेस जातात. मूळ सेटिंगप्रमाणे असे पेज ३० सेकंदांपर्यंत रॅममध्ये राहू शकते, आणि उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांपर्यंत ती साठल्याशिवाय पार्श्वभूमीतले लेखन घाईने सुरू होत नाही. डेटाबेस नोंद पक्की करताना डिस्कवर लिहून घेतो, म्हणून बिलांना धोका कमी. पण नुकतीच उतरवलेली फाइल किंवा कॉपी केलेला बॅकअप अर्धवट राहू शकतो. पुढील किमतींनी हा अवधी आणि साठा दोन्ही आवरतात:

व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = १६७७७२१६
व्हीएम.डर्टी_बाइट्स = ६७१०८८६४
व्हीएम.डर्टी_एक्सपायर_सेंटिसेक्स = १०००

म्हणजे अनुक्रमे १६ एमबी, ६४ एमबी आणि १० सेकंद. बाइट्समधली किंमत दिली की टक्क्यांची जोडीदार सेटिंग आपोआप शून्य दाखवते, तो दोष नव्हे. यूपीएसची बॅटरी बदलणे हा अर्थातच याहून चांगला उपाय आहे.

खरी मर्यादा घालायची ती सीग्रुपने, म्हणजे प्रक्रियांचा गट करून त्याला मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीने. 'यूलिमिट' या कमांडमधला 'व्ही' पर्याय फक्त पत्त्यांच्या जागेवर बंधन घालतो, आणि प्रत्यक्ष मेमरीसाठी असलेल्या 'एम' पर्यायाचा सध्याच्या कर्नलवर काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे लिमिट्स.कॉन्फ फाइलीत आकडे लिहून निश्चिंत राहू नये. सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) असलेल्या संगणकावर ब्राउझर 'सिस्टमडी-रन' कमांडने, 'यूजर' आणि 'स्कोप' या पर्यायांसह सुरू करावा आणि त्याला मेमरीहाय १२०० एम व मेमरीमॅक्स १६०० एम द्यावे. पहिली मर्यादा ओलांडली की कर्नल ब्राउझरला मंदावते आणि त्याचीच पेजेस बाहेर काढते. दुसरीपाशी पोहोचूनही जागा सुटली नाही, तर त्या गटातलीच प्रक्रिया बंद होते. व्यवहारात बहुधा एखादी टॅब पडते आणि बिलांच्या खिडकीला धक्का लागत नाही. मेनूतला ब्राउझरचा आयकॉनही याच कमांडकडे वळवावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळे पूर्वीसारखेच चालू होते.

डेटाबेसच्या बाजूने 'सिस्टमकटीएल एडिट मारियाडीबी' करून सर्व्हिस विभागात ओओएमस्कोरॲडजस्ट=-६०० लिहावे. मेमरी संपल्यावर कर्नल कोणती प्रक्रिया मारते त्यावर परिणाम करणारी ही किंमत -१००० ते १००० असते आणि जितकी कमी तितकी ती प्रक्रिया बळी जाण्याची शक्यता कमी. -१००० म्हणजे संपूर्ण अभय. ते देऊ नये, कारण कधी डेटाबेसच फुगला तर कर्नलला इतर सगळे मारत बसावे लागते. मेमरीलो वापरून डेटाबेसची ३०० एमबी मेमरी राखता येते, पण तेवढेच संरक्षण त्याच्या वरच्या सिस्टम.स्लाइस गटालाही दिले नाही तर ते कागदावरच राहते. मारियाडीबीचा इनोडीबी बफर पूल (डेटाबेसची स्वतःची कॅश) मुळात १२८ एमबी असतो. कोणी तो वाढवून ठेवला असेल तर हे हिशेब करण्यापूर्वी पाहून घ्यावा.

कर्नल किमान किती मेमरी मोकळी राखते ते ठरवणाऱ्या व्हीएम.मिन_फ्री_केबाइट्सला सहसा हात लावू नये. ती १०२४ च्या खाली गेली तर ताणाखाली यंत्र अडकते, आणि फार वाढवली तर मेमरी संपल्याचे समजून कर्नल तत्काळ प्रक्रिया मारू लागते.

'व्हीएम.'ने सुरू होणारी प्रत्येक किंमत आधी 'सिसकटीएल' या कर्नलची सेटिंगे बदलणाऱ्या कमांडच्या 'डब्ल्यू' पर्यायाने तात्पुरती द्यावी. चुकली तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती जाते. पटल्यावर /ईटीसी/सिसकटीएल.डी या फोल्डरात ९९ ने सुरू होणाऱ्या नावाची .कॉन्फ फाइल करून सर्व किमती तिच्यात लिहाव्यात आणि 'सिसकटीएल'ला 'सिस्टम' पर्याय देऊन त्या लागू कराव्यात. चाचणी कार्यालय बंद झाल्यावर, डेटाबेसचा बॅकअप घेऊनच करावी: ब्राउझरला दिलेल्याच मर्यादांच्या स्कोपमध्ये 'स्ट्रेस-एनजी' या मुद्दाम ताण देणाऱ्या प्रोग्रामला ४ जीबी मागायला लावावे आणि दुसऱ्या खिडकीत व्हीएमस्टॅट पाहत राहावे. मग 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, 'किल्ड प्रोसेस' ही ओळ शोधावी. तिथे स्ट्रेस-एनजीचे नाव असेल तर मर्यादा लागू झाल्या आहेत. मारियाडीबीचे नाव दिसले, तर सर्व्हिस फाइल बदलल्यानंतर डेटाबेस पुन्हा सुरू केला होता का, हे सर्वांत आधी तपासावे.