ग्रुप डिस्कशन फसतंय? या चुका टाळा

५० मिनिटांचं लेक्चर, ८० पोरं, जमिनीला ठोकलेले बेंच आणि आपण उत्साहात सांगतो, चला चौघाचौघांचे ग्रुप करा, न्यूटनचा तिसरा नियम डिस्कस करा. दोन मिनिटांत काय, तर एकटी हुशार मुलगी लिहितेय आणि बाकीच्यांचे मोबाईल बेंचखाली चालू. मग स्टाफरूममध्ये चहा पिताना आपणच म्हणणार, हे ॲक्टिव्ह लर्निंग, म्हणजे पोरांनी स्वतः विचार करून, बोलून शिकणं, आपल्या पोरांना झेपत नाही. मी पण दोन वर्षं हेच म्हणत होतो.

खरा घोळ प्रश्नात असतो. नियमात डिस्कस काय करायचं, पुस्तकातलं वाक्य बोललं की विषय संपला! त्यापेक्षा विचारा, भरलेला ट्रक उभ्या स्कूटीला धडकला तर जास्त बल कोणावर? माझा अर्धाअधिक वर्ग छातीठोकपणे स्कूटी म्हणाला. बल दोघांवर सारखंच असतं, पण स्कूटीचं वस्तुमान कमी म्हणून तिची अवस्था वाईट होते, आणि हे शेजारच्याला पटवताना पोरं अक्षरशः भांडतात.

दुसरं म्हणजे लगेच बोलायला लावू नका. आधी एक मिनिट गप्प विचार, मग प्रश्नाला दिलेल्या पर्यायांपैकी जो बरोबर वाटतो त्याच्या नंबराइतकी बोटं प्रत्येकाने छातीशी धरायची, म्हणजे शेजारच्याला दिसत नाहीत आणि क्लिकरचा, म्हणजे उत्तर नोंदवायच्या रिमोटचा, खर्चही नाही. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१ च्या सुमारास याच वाटेने गेले. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तरच चर्चा करायची, त्याखाली असतील तर परत समजवा, वर असतील तर दोन वाक्यांत उरका. मी आधी कितीही असले तरी चर्चा लावायचो, ९० टक्क्यांना येत असलेल्या गोष्टीवर कोण कशाला बोलेल?

आणि "सर, तुम्हीच शिकवा ना" ही कुरकुर येणारच, घाबरू नका. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गांवरचा एक अभ्यास आला, त्यात ॲक्टिव्ह पद्धतीने शिकलेल्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं, टेस्टमध्ये मार्क मात्र त्यांनाच जास्त. डोक्याला ताण पडला की काही कळलं नाही असं वाटतं, हे पहिल्याच तासाला सांगून टाका.

बोटांच्या उत्तराला मार्क ठेवू नका, नाहीतर सगळे हुशार मुलीची बोटं बघतात. आणि हो, सुरुवातीला तासाला एकच प्रश्न न्या. मी हौसेने पाच नेले होते, तिसऱ्यालाच बेल झाली.