पाहुण्यांना जुनं नाशिक पायी दाखवायचं असेल तर

नाशिकला पाहुणे आले की आपण त्यांना गाडीत घालतो, रामकुंडावर उतरवतो, काळाराम आणि सीतागुंफा उरकतो आणि जेवायच्या वेळेला घरी परत. रात्री विचारलं की काय काय पाहिलंत, तर त्यांना रांग आठवते आणि पार्किंग आठवतं. मला याचं फार वाईट वाटतं. मी भांडीबाजाराजवळच्या एका वाड्यात वाढले, पुढे शाळेत इतिहास शिकवला, आणि निवृत्त झाल्यापासून कुणी म्हणालं की त्यांना घेऊन गावात पायी फिरते. तुम्हाला आपल्या माणसांना स्वतःच फिरवायचं असेल तर मी कशी नेते ते सांगते.

सुरुवात नदीपासून करा आणि तिथून वर चढत जा. या गावात बाजार कुठे बसला, देवळाला कोट का घातला, घराचं जोतं किती उंच घेतलं, यातल्या बऱ्याच गोष्टी गंगेच्या पुरानं ठरवल्या आहेत. (पाहुणे बाहेरचे असतील तर आधीच सांगा की आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, नाहीतर ते पहिला अर्धा तास गोंधळतात.) पुराचा धागा हातात असला की देवळं, बाजार, वाडे सगळं एकात एक ओवलं जातं.

निघायचं सकाळी साडेसहाला. थंडीत जरा उशीर चालेल. चालणं तीन किलोमीटरच्या आतलं आहे, पण थांबत थांबत तीन तास सहज जातात. सहा-सात माणसांपेक्षा जास्त नेऊ नका, कारण गल्लीत मागच्याला ऐकू जात नाही आणि दुकानदारांची वाट अडते. चपला पटकन काढता-घालता येतील अशा हव्यात. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो. बाजारच बघायचा असेल तर मुद्दाम बुधवारी या, एरवी तो दिवस टाळा. श्रावणातले सोमवारही टाळा. पावसाळ्यात आदल्या रात्री बातम्या बघून घ्या. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर घाटावर उतरायचंच नाही, पाहुणे उद्या परत जाणार असले तरी नाही. गाडी घाटावर आणायच्या भानगडीत पडू नका. रिक्षानं पंचवटी कारंजाला उतरा आणि मालेगाव स्टँडवरून खाली चालत या.

रामकुंडावर आलात की कुंडाकडे वळण्याआधी दुतोंड्या मारुतीसमोर उभे राहा. नदीच्या पात्रातच उभी असलेली ही शेंदरी मूर्ती म्हणजे आमची पूर मोजायची पट्टी. क्युसेकचे आकडे टीव्हीवर सांगतात, पण गावात विचारतात ते एवढंच, ‘मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?’ गुडघ्यापर्यंत म्हटलं की लोक बघायला जातात. कमरेपर्यंत म्हटलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात. छातीला लागलं की भांडीबाजारातले आणि सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर चढवायला लागतात. २००८, २०१६ आणि २०१९ साली मारुती पुरता बुडाला होता. पाहुण्यांना त्याच्या डोक्याची उंची नीट बघून ठेवायला सांगा आणि मग मागे वळून काठावरच्या इमारतींकडे बघायला सांगा. बाकी काही बोलावं लागत नाही, पाणी कुठवर येत असेल ते त्यांचं त्यांना दिसतं.

रामकुंडावर दशक्रियेचे विधी चालू असतात. तिथे मोठ्यानं माहिती सांगू नका आणि फोटो तर अजिबात काढू देऊ नका. कुणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं असतं. जरा बाजूला, गांधी तलावाकडे या आणि तिथे सांगा की १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थी इथेही विसर्जित झाल्या. जवळच गंगा-गोदावरीचं मंदिर आहे, त्याचे दरवाजे फक्त सिंहस्थात, म्हणजे इथल्या कुंभमेळ्यात उघडतात. पुढचा सिंहस्थ २०२७चा. पात्रात पायाखाली काँक्रीट दिसेल. ते गेल्या काही कुंभमेळ्यांच्या सोयीसाठी घातलेलं आहे. त्यानं कुंडांचे जिवंत झरे दबले असं म्हणणारे नाशिककर ते काढायची मागणी वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि मी त्यांच्या बाजूची आहे.

आता कपालेश्वराच्या पायऱ्या चढा. शंकराच्या देवळात गेल्यावर नजर आपोआप नंदी शोधते आणि इथे तो नाही. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगू नका, त्यांना स्वतः शोधू द्या. वर पोहोचल्यावर एकदा खाली बघायचं. मारुती केवढासा दिसतो त्यावरून आपण किती चढलो ते कळतं.

तिथून काळाराम जवळच आहे. जमलं तर पूर्वेच्या दरवाजानं आत जा. सकाळचं ऊन देवळावर समोरून पडतं आणि काळा दगड उजळतो. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला हे देऊळ बांधलं. दगड रामशेजच्या डोंगरातला. कळसाकडे सगळेच बघतात. तुम्ही पाहुण्यांना भिंतीजवळ न्या आणि दोन दगडांमधल्या सांध्यावरून बोट फिरवायला लावा. बोटाला फट जेमतेम लागते. एवढा वेळ एका सांध्याला दिला की पुढे कुठल्याही देवळात त्यांची नजर आपोआप दगडांच्या सांध्यांकडे जाते.

दर्शन झालं की लगेच निघू नका. दरवाजाबाहेर, रहदारी नाही अशा जागी सगळ्यांना उभं करा आणि २ मार्च १९३० बद्दल सांगा. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या माणसांना या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. नाशिकमध्ये तो पुढे चालवला दादासाहेब गायकवाडांनी. हजारो स्त्री-पुरुष आले होते आणि त्यांच्यासमोर देवळाचे दरवाजे बंद केले गेले. त्या वर्षीच्या रामाच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली. सत्याग्रह काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. हे सांगताना काही जण अवघडतात, विषय बदलतात. बदलू देऊ नका. काळारामाचा दगड कुठून आला हे सांगायचं आणि त्याच्या दारात कोणाला अडवलं हे गाळायचं, असं मला जमत नाही. माझ्या बरोबरच्यांनी इथे पाच मिनिटं शांत उभं राहावं एवढाच माझा आग्रह असतो.

सीतागुंफेला रांग मोठी असेल तर बाहेरचे वड दाखवून पुढे चला. आत वाकून जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होतो.

परत नदीकडे उतरा, या वेळी नारोशंकराच्या देवळाकडे. हे रामेश्वराचं देऊळ नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलं. भोवती किल्ल्यासारखा कोट आहे. दर्शनी बाजूला टांगलेली घंटा चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेतल्या विजयाची, म्हणजे १७३९ची आठवण. घंटा पोर्तुगीज आहे आणि तिच्यावर १७२१ साल आहे. गावात अजून म्हणतात, नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं की महापूर. आता पाहुण्यांना विचारा, मघाशी मारुतीचं डोकं बघितलं होतं, ते इथून कुठे येईल? घंटेपर्यंत मान वर करून झाली की कुणी ना कुणी ‘बाप रे’ म्हणतंच.

रामसेतू पुलावरून पलीकडे गेलात की गावात आलात. समोर भांडीबाजार. दुकानं उघडायला वेळ असतो, तोवर चहा घ्या. उघडल्यावर तांब्याचा एखादा हंडा किंवा घंगाळ हातात घेऊन बघायला मागा. गिऱ्हाईक नाही हे आधीच सांगून टाका, बहुतेक दुकानदार आनंदानं दाखवतात. हातानं मठारलेल्या भांड्यावर हातोडीचे ठसे एका ओळीत बसलेले असतात, पण प्रत्येक ठसा किंचित वेगळा. बाहेरून नखानं चाचपलं तर कडा लागते. यंत्रावर उठवलेल्या नक्षीचे ठसे सगळे सारखे आणि गुळगुळीत. दोन्ही भांडी शेजारी ठेवून बोटानं बघायला लावा. मठारण्यामुळे पत्रा घट्ट होतो, भांडं टिकतं, हेही सांगा. ही कला या बाजाराला लागूनच्या आळ्यांमध्ये वाढली. जुन्या तांबट लेनचं नाव त्या कारागिरांवरूनच पडलंय.

सराफ बाजारात सोनं बघत बसू नका. दुकानांचे उंबरे बघा. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन पायऱ्या चढून आत जावं लागतं, आणि त्याचं कारण आता पाहुणे स्वतःच सांगतात. इथे पाणी दोन बाजूंनी येतं, एक गंगेचं आणि दुसरं दहीपुलाखालून येणाऱ्या सरस्वती नाल्याचं. नाला झाकलेला आहे, त्यामुळे गंगेला पूर नसला तरी मोठ्या सरीत बाजारात गुडघाभर पाणी होतं. सकाळी लवकर आलात तर झारेकरी दिसतील. दुकानांसमोरची धूळ झाडून गोळा करतात, ती पाण्यात धुऊन सोन्याचा कण काढतात. त्यांना थांबवून प्रश्न विचारू नका, त्यांची रोजी त्या तासाभरात असते. जवळच सरकारवाडा आहे. उघडा असेल तर पेशवाई लाकूडकाम तिथे आरामात बघता येतं.

वाडे बघताना एक नियम पाळा. दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून, डोकावायचं नाही. बाहेरून हाक मारायची, ‘काकू, पाहुण्यांना जरा चौक दाखवू का?’ हो म्हणाल्या तर आत, नाही म्हणाल्या तर नमस्कार करून पुढे. आत गेल्यावर खालून वर बघत जा. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर विटा, सागवानी खांब आणि तुळया, चौकटीवर गणेशपट्टी. ज्या वाड्यावर महापालिकेची धोकादायक म्हणून नोटीस चिकटवलेली असेल तिथे कितीही बोलावलं तरी जाऊ नका. दर पावसाळ्यात यातली एखादी भिंत पडते. मालक-भाडेकरूंचे वाद कोर्टात, दुरुस्तीला कुणाकडे पैसे नाहीत, आणि सागवान मात्र अजून खणखणीत, अशी बऱ्याच वाड्यांची स्थिती आहे.

चढ संपवून तिवंध्याच्या चौकात या. इथे रस्त्याखाली रहाड आहे, पेशवेकाळापासूनचा रंगाचा हौद. वर्षभर झाकलेली असते, लोक वरून गाड्या नेतात. रंगपंचमीच्या आधी माती-फळ्या काढून ती उघडतात, साफ करतात, पूजा करतात आणि रंग भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. मग धप्पा, म्हणजे वरून धाडकन उडी. उडणाऱ्या रंगातून काठावरचा कुणीही सुटत नाही. पलीकडे पंचवटीत शनि चौकातही रहाड आहे. पाहुण्यांना रंगपंचमीचं आमंत्रण इथेच देऊन टाका.

पाय दुखत नसतील तर तिळभांडेश्वर लेन. तरुण सावरकर बंधूंचं मित्रमेळ्याचं, म्हणजे त्यांच्या क्रांतिकारी संघटनेचं काम या भागातलं, पुढे त्याचीच अभिनव भारत झाली. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग असताना अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ती हकिगत इथे उभं राहून सांगता येते.

मातीच्या गढीचं, म्हणजे नदीकाठच्या जुन्या मातीच्या टेकाडाचं नाव निघालं तर तिच्याबद्दल जरूर सांगा. १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथे उत्खनन केलं आणि सातवाहनांच्याही आधीची वस्ती सापडली. पण त्या भागातल्या कड्यांवर माणसांना नेऊ नका. माती ढासळते आणि लोक तिथे जीव मुठीत धरून राहतात. नदीच्या काठानं लांबून दाखवा. सुंदरनारायण मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. १७५६ सालचं ते देऊळ होळकर पुलाजवळ आहे, आणि सगळं एकाच सकाळी कोंबलं तर नारोशंकर कुठला आणि सुंदरनारायण कुठला हे संध्याकाळपर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

शेवटी रविवार कारंजाकडे निघा. एव्हाना साडेनऊ-दहा झालेले असतात आणि सगळ्यांना कडकडून भूक लागलेली असते. मिसळ सांगा, रस्सा वेगळा मागवा, तिखट न झेपणाऱ्यांसाठी दही आधीच सांगून ठेवा. पंचवटीत गाडी लावली असेल तर इथून शेअर रिक्षा मिळते.